येतो, येते आणि येऊ का

पुण्या-मुंबईत कॉलेजात शिकणाऱ्या पोरांच्या इन्स्टाग्रामवर नावाखाली ‘ही-हिम’, ‘शी-हर’ किंवा ‘दे-देम’ असं लिहिलेलं हल्ली पुष्कळदा दिसतं. आपल्याविषयी बोलताना कोणतं सर्वनाम वापरावं, याची ती सूचना असते. जी माणसं स्वतःला पूर्ण पुरुषही मानत नाहीत आणि पूर्ण स्त्रीही मानत नाहीत, ज्यांना आता नॉनबायनरी म्हटलं जातं, त्यांतली बरीचशी ‘दे’ निवडतात. इंग्रजीत तेवढ्याने काम भागतं, कारण तिथलं क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. अडचण येते ती घरी आजीशी मराठीत बोलताना. ‘दे’ला ‘ते’ म्हणावं, तर ‘ते आले’ ऐकून आजी विचारते, कोण पाहुणे आले? आणि सर्वनाम गाळलं तरी ‘आला-आली’, ‘जातो-जाते’ यांतून लिंग बाहेर पडतंच.

म्हणजे मराठीत हा प्रश्न सर्वनामापेक्षा क्रियापदाचा जास्त आहे. त्याचं उत्तरही क्रियापदातच शोधावं, असं माझं ठाम मत आहे. नवं सर्वनाम घडवून ते लोकांच्या तोंडी बसेपर्यंत कुणाचं आयुष्य थांबून राहत नाही. आणि लिंग न दाखवता बोलायच्या इतक्या तऱ्हा रोजच्या मराठीत आधीच आहेत की त्या जाणून वापरल्या, तर दिवसातलं बरंचसं बोलणं सहज होऊन जातं.

त्याआधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. लिंगनिरपेक्ष बोलणं सगळ्याच पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, माणसांना हवं असतं असं नाही. दिशा पिंकी शेख किंवा गौरी सावंत या पारलिंगी स्त्रियांविषयी बोलताना ‘त्या’ म्हणायचं, ‘त्या आल्या’, ‘त्या बोलल्या’ असंच. पारलिंगी पुरुषाविषयी ‘तो’ किंवा ‘ते’. ज्या बाईने ‘ती’ म्हणवून घेण्यासाठी घरदार सोडलं, तिच्याबद्दल कुणी मुद्दाम आडवळणाने, ना आला ना आली, असं बोललं तर तो सभ्यपणा नव्हे. तिला तिचं ‘ती’ नाकारल्यासारखंच ते होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं की आपली लिंग-ओळख ठरवण्याचा अधिकार ज्या त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. निकालपत्रातला हा नियम बोलण्यातही पाळायला हरकत नसावी. समोरच्याने जे सांगितलं, ते वापरायचं.

पण कळायचं कसं? ‘तुमचं सर्वनाम कोणतं?’ असं मराठीत विचारलं की समोरच्याला व्याकरणाच्या पेपरची आठवण होते. त्यापेक्षा ‘तुमच्याबद्दल सांगताना काय म्हणू? आला, आली, की आणखी काही?’ असं विचारावं. प्रश्न एकट्यात विचारावा, चारचौघांत नको. बऱ्याचदा विचारावंही लागत नाही, कारण मराठीत माणूस ‘मी’ म्हणून बोलायला लागला की उत्तर आपोआप मिळतं. ‘मी आले’ म्हणणारीला ‘आली’, ‘मी आलो’ म्हणणाऱ्याला ‘आला’. ही सोय इंग्रजीत नाही. अर्थात ती शंभर टक्के भरवशाची नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्या आहेत आणि त्याने त्यांच्या बाईपणाला काडीचाही धक्का लागलेला नाही. शिवाय घरच्यांच्या धाकाने जुनंच रूप तोंडी ठेवणारी माणसंही असतात. म्हणून ऐकावं आधी, पण शंका असेल तर विचारावं.

आता स्वतःसाठी वाट शोधणाऱ्यांकडे वळू. शाळेत घोकलेले तीन प्रयोग इथे खरोखर उपयोगी पडतात. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जातं: किरण आला, किरण आली. कर्मणीत ते कर्माच्या मागे जातं: किरणने चहा केला, किरणने भाकरी केली. ‘केला’ झालं ते चहामुळे, ‘केली’ झालं ते भाकरीमुळे. किरण पुरुष की बाई, याचा त्या वाक्यात कुठेच उल्लेख नाही. भावे प्रयोगात तर क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही: किरणने आता निघावं, किरणला मळमळतंय. म्हणजे मराठी वाक्यांचा मोठा हिस्सा मुळातच कर्त्याचं लिंग विचारत नाही. विचारतं ते फक्त कर्तरी वाक्य, आणि तेही काही काळांतच. ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’, ‘मी जात आहे’, ‘मी जात असे’ या सगळ्यांत कर्तरी असूनही लिंग नाही. ‘जातोय-जातेय’ मध्ये मात्र आहे, ‘गेलो-गेले’ मध्ये आहे आणि ‘जात होतो-जात होते’ मध्येही आहे.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते पाहू. रात्री घरी आलेला मुलगा सहसा असं बोलेल: ‘फार दमलोय. ऑफिसात उशिरापर्यंत थांबलो होतो. बाहेरच जेवलो. आता झोपतो.’ मुलगी म्हणेल: ‘दमलेय, थांबले होते, जेवले, झोपते.’ आणि ज्याला यांतलं काहीच नको, त्या व्यक्तीने म्हणावं: ‘फार दमणूक झाली आज. ऑफिसात उशीर झाला. जेवण बाहेरच झालंय. आता झोपणार मी.’ या चार वाक्यांत काही ओढूनताणून आणलेलं आहे असं कुणालाही वाटणार नाही. आई तर फक्त एवढंच विचारेल, काय खाल्लं बाहेर?

निरोप घेताना ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. त्याजागी ‘येऊ का?’ किंवा ‘निघू मग?’ म्हणावं, उलट त्यात परवानगी मागितल्याचा गोडवा अधिक आहे. ‘मी ठाण्याला राहतो’ ऐवजी ‘राहायला ठाण्याला’. ‘मी बँकेत काम करते’ ऐवजी ‘नोकरी बँकेत’. ‘म्हणालो-म्हणाले’ च्या जागी ‘म्हटलं’. ‘मी कंटाळलो’ च्या जागी ‘कंटाळा आला’. काही क्रियापदं जरा अडतात. बोलणे, शिकणे, विसरणे, भेटणे यांना कर्म असलं तरी भूतकाळात ती कर्तरीच राहतात, ‘मी पोहणं शिकलो’, ‘मी छत्री विसरले’. तिथे नामाचा आधार घ्यावा: शिक्षण नाशिकला झालं, छत्री राहिली तिकडेच, काल किरणची गाठ पडली, फोनवर बोलणं झालं. विशेषणांचंही तसंच. ‘एकटा-एकटी’ बदलतं, ‘हुशार’, ‘शांत’, ‘तयार’, ‘खूश’ बदलत नाहीत. ‘मी साताऱ्यात लहानाचा मोठा झालो’ याला ‘बालपण सगळं साताऱ्यात गेलं’ हा सरळ पर्याय आहे. मुंबईकडची मंडळी स्वतःलाच ‘आपण’ म्हणतात, ‘आपण नाही येणार’, ‘आपण तर बुवा घरी जातो’, तीही एक तयार वाट आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्यासोबतचं क्रियापद लिंग दाखवत नाही.

हे अंगवळणी पडायला सराव लागतो. रोज रात्री दिवसाची हकीकत दहा ओळींत लिहून काढावी, किंवा मोबाईलवर बोलून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. कुठे अडखळायला होतं ते लगेच कळतं आणि तेवढ्याच क्रियापदांवर काम करता येतं. एका विश्वासू मित्राला सोबत घेतलं तर आणखी बरं.

पण चोवीस तास असं बोलणं कुणालाच झेपणारं नाही, आणि झेपवावं असा आग्रहही नको. राग आला, रडू आलं, घाई झाली की तोंडून कर्तरीच निघतो. म्हणून प्रत्येकाने आपल्यासाठी एक आधाराचं रूप ठरवून ठेवावं, जे आडवळण न घेता, विचार न करता वापरता येईल. इथे चार-पाच पर्याय आहेत आणि प्रत्येकाची आपली किंमत आहे. काहीजण ‘तो’ आणि ‘ती’ आलटून पालटून वापरतात. मित्रमंडळींत हे छान चालतं, पण दूरच्या नातेवाइकांना त्यात फक्त चूक दिसते. काहीजण जन्मावेळी मिळालेल्याच्या उलट रूप घेतात, पुरेसं मोकळं वाटतं म्हणून. काहीजण ‘ते आले’ असं बहुवचन घेतात. मराठी कानाला त्यात आदर ऐकू येतो, पण पुरुषाचा आदर. ज्या व्यक्तीला लहानपणापासून ‘ती’ म्हटलं गेलं, तिला या ‘ते’ मध्ये मोकळीक वाटू शकते. ज्या व्यक्तीला पुरुषपणापासूनच दूर जायचं आहे, तिला तेच ‘ते’ टोचतं. तेव्हा कुणा ओळखीच्याने घेतलं म्हणून आपणही घ्यावं असं करू नये. आठ-पंधरा दिवस जवळच्या माणसाकडून ते रूप ऐकून पाहावं. मन स्वीकारतं की आक्रसतं, हे कानावर पडल्याशिवाय समजत नाही. आणि पुढे बदलावंसं वाटलं, तर बदलावं.

उरतं ते नपुंसकलिंग. याच्याविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथेच माणसं सर्वांत जास्त दुखावली जातात आणि इथेच मराठीचा मायाळूपणाही आहे. एखाद्या अनोळखी प्रौढ माणसाकडे बोट दाखवून ‘ते बघ, ते आलं’ असं म्हणणं हा सरळसरळ अपमान आहे. तृतीयपंथी समाजाने हे ‘ते’ रस्त्यावर, रेल्वेत, पोलिस चौकीत आयुष्यभर ऐकलेलं असतं. माणसाला वस्तूच्या रांगेत बसवणारं ते रूप आहे आणि कुणी स्वतःहून मागितल्याखेरीज ते वापरू नये. पण त्याच नपुंसकलिंगात आपण घरच्या मुलांवर माया करतो. लेकरू, बाळ, पोरगं, भावंड, नातवंड, भाचरू, ही सगळी नपुंसकलिंगी नामं आहेत आणि त्यांच्यात मुलगा-मुलगी दोन्ही मावतात. ‘दमलंय गं माझं लेकरू’ म्हणणाऱ्या आईला त्यात कमीपणा दिसत नाही. ‘कोण आलंय?’ असं दारावर विचारताना, ‘कुणीतरी बोलतंय’ म्हणताना आपण हेच करतो. नवरा-बायको दोघं मिळून निघाली, की ‘ती दोघं गेली’. बाई आणि पुरुष एकत्र आले की मराठी त्यांना नपुंसकलिंगात घेते. गोव्यातल्या कोंकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणणं रोजचंच आहे, ‘तें आयलें’ म्हटल्याने तिला कुणी हीन लेखलं असं होत नाही.

मग नियम काय करायचा? म्हणणारा कोण, यावर सगळं अवलंबून आहे. वीस-बावीस वर्षांच्या नॉनबायनरी मुलाच्या आईने ‘आमचं किरण आज येणार आहे, पोहोचलं की फोन करेल’ म्हटलं आणि किरणला ते गोड वाटलं, तर त्याहून चांगलं काही नाही. तेच वाक्य ऑफिसातल्या वरिष्ठाने म्हटलं तर चालणार नाही. काही तरुण मंडळी स्वतःबद्दल ‘मी आलं’, ‘मी थकलंय’ असं म्हणायला लागली आहेत. त्यांनी ते मागितलं तर द्यावं. आपल्या कानाला खटकतं हे कारण पुरेसं नाही. कान आठवड्याभरात सरावतो.

घरच्यांसाठी वरची नात्यांची यादी फार कामाची आहे. ‘माझा भाऊ-माझी बहीण’ च्या जागी ‘माझं धाकटं भावंड’. ‘मुलगा काय करतो?’ ला उत्तर देताना ‘आमचं लेकरू’. नवऱ्या-बायकोसाठी ‘जोडीदार’ चांगला रुळलेला शब्द आहे. हाका मारतानाही फारसं अडत नाही, कारण आपल्या आया मुलींनाही ‘बाळा’, ‘राजा’, ‘सोन्या’ म्हणत आल्या आहेत. ‘अरे’ आणि ‘अगं’ मात्र विचारून घ्यावं. कॉलेजातल्या मुली एकमेकींना बिनदिक्कत ‘अरे’ म्हणतात, पण सगळ्यांना ते चालतंच असं नाही. ‘ए किरण’ आणि ‘अहो’ यांना कसलीच अडचण नाही.

समोरासमोर बोलताना ‘तुम्ही’ घेतलं की प्रश्नच मिटतो: तुम्ही आलात, तुम्ही जाता, तुम्ही केलंत. ‘तू’ मध्ये ‘आलास-आलीस’ येतं. मित्राला एकदम ‘तुम्ही’ म्हणणं परकं वाटेल, तेव्हा ‘कधी आलास?’ ऐवजी ‘कधी येणं झालं?’, ‘येतेस का?’ ऐवजी ‘येणार का?’, ‘चल ना’. ‘जेवण झालं का?’ हा आपला सर्वांत लाडका प्रश्न तर आधीच लिंगमुक्त आहे. पाठीमागे बोलताना अनेकवचन किंवा नाव घ्यावं. ‘त्यांना’, ‘त्यांचं’, ‘त्यांनी’ ही रूपं स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच आहेत. ‘किरण येणार आहेत, त्यांना विचारा, त्यांनीच हा अहवाल लिहिला’ हे वाक्य कुठल्याही कार्यालयात खपून जाईल. मित्रांमध्ये ‘किरणला सांग’, ‘किरणची बॅग’ असं नाव पुन्हा पुन्हा घेतलं तरी मराठी वाक्य जड होत नाही.

कार्यालयांतला घोळ मुख्यतः कागदाचा आणि ‘सर-मॅडम’ चा. पत्रावर श्री., श्रीमती, सौ., कु. यांपैकी काही लिहायचंच असेल तर ‘मा.’ लिहावं. डॉ., प्रा., अ‍ॅड. आहेतच. ‘स.न.वि.वि.’ सगळ्यांना चालतं. शेवटी ‘आपला-आपली’ ऐवजी ‘स्नेहांकित’ किंवा नुसतं ‘विश्वासू’ पुरतं. प्रतिज्ञापत्रात छापलेलं असतं, ‘मी खाली सही करणार, राहणार अमुक, लिहून देतो/देते की...’ आणि नको ते खोडा. तिथे ‘लिहून देत आहे की’ एवढंच छापलं, तर कुणालाच काही खोडावं लागणार नाही. अर्ज, नमुने, सूचना यांचा मसुदा ज्यांच्या हाती असतो, त्यांनी हा बदल आजपासून करावा, खर्च शून्य आहे. ‘विद्यार्थ्याने अथवा विद्यार्थिनीने आपले ओळखपत्र सोबत आणावे’ याचं काम ‘ओळखपत्र सोबत आणावे’ यात होतं. सभेत ‘बंधू-भगिनींनो’ ऐवजी ‘मंडळी’ किंवा ‘मित्रहो’. दुकानात ‘काय दाखवू ताई?’ ऐवजी ‘काय दाखवू?’. फोनवर आवाजावरून ‘सर’ की ‘मॅडम’ हे ठरवू नये, नाव विचारून ‘जी’ लावावं. अर्जात स्त्री-पुरुषांपलीकडचा रकाना हवा, हे तर आता न्यायालयांनीही सांगितलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पोलिस भरतीच्या अर्जात तशी सोय करायला मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला सांगितलं होतं.

वर्तमानपत्रांनी जास्त जपायला हवं. पारलिंगी व्यक्तीचं जुनं नाव छापू नये, आणि तिच्या लहानपणाविषयी लिहितानाही तिचं आजचंच रूप वापरावं. ‘पूर्वी तो असताना’ असं लिहिलं की बातमी वाचणारा पुढे सगळं ‘तो’ म्हणूनच वाचतो. तामिळनाडू सरकारने मद्रास उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून २०२२ मध्ये अशा व्यक्तींविषयी वापरायच्या शब्दांची अधिकृत सूची प्रसिद्ध केली. आपल्या राज्यातल्या संपादकांनी आणि भाषा विभागानेही बसून तसं काही करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चुका होतील. झाली की योग्य रूप उच्चारून पुढे जावं: ‘किरण आला, आली होती काल, आणि मग आम्ही...’ इतकंच. हात जोडून लांबलचक माफी मागत बसलं की समोरच्यावरच आपली समजूत काढायची वेळ येते. आजी-आजोबांना वेळ द्यावा, पण त्यांची चूक सुधारायचं काम दरवेळी त्या एकट्या मुलावर टाकू नये. भावंडाने, आईने, आत्याने ते आपणहून अंगावर घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जिच्यात हयगय परवडत नाही. मित्रांमध्ये वापरलं जाणारं रूप घरी ठाऊक असेलच असं नाही. कुणी विश्वासाने ‘मला ती म्हण’ असं सांगितलं, तर लगेच विचारावं, ‘घरच्यांसमोर काय म्हणू?’ आणि जे सांगितलं जाईल ते काटेकोर पाळावं. चुकून निघालेल्या एका ‘आली’ मुळे मुलांना मारहाण झाल्याची, शिक्षण बंद झाल्याची उदाहरणं पारलिंगी मुलांसोबत काम करणाऱ्या कुणालाही विचारली तर कळतात. आपल्या अचूकपणाहून तिचं घरातलं छप्पर महत्त्वाचं आहे. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण पालकसभेत बोलताना वर्गातलं बोलणं सहज तोंडातून निसटतं.

आणि लग्नकार्यात एखादी लांबची मावशी किंवा काकू पोराकडे बघत ‘हा मुलगा की मुलगी गं?’ असं विचारेलच. त्या पोराकडे उत्तरासाठी बघू नये. आधी ठरलेलं असेल त्याप्रमाणे मोठ्याने सांगावं, ‘हे आमचं किरण, धाकटं लेकरू. नाशिकला आर्किटेक्चर शिकतंय, शेवटचं वर्ष आहे. काकू, तुमचं जेवण झालं का?’